टाकीचे पाय

दुधाच्या पातेल्यावरची ताटली निवता निवता टक् करून वाजली आणि मी बसल्या जागी दचकले. घरात इतकी शांतता होती. एरवी दुपारी अशी शांतता मिळावी म्हणून मी काय काय करते. नंदूला थोपटते, गोष्टीतला ससा झोपला, कोल्हा झोपला, आता आपणही झोपू असं म्हणता म्हणता तिच्या आधी मीच पेंगते. आज नंदू घरात नव्हती. शांतता फुकट मिळाली होती आणि ती मला सोसत नव्हती.

बारामतीतल्या आमच्या या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीत नागेशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कॉम्प्युटर क्लास आहे. सकाळ-संध्याकाळ पोरं येतात, दुपारी खोली रिकामी. तेवढ्या वेळात खिडकीजवळचा कॉम्प्युटर माझा. मी इथल्या कॉलेजात सिव्हिल शिकवते आणि पुढच्या पदवीसाठी प्रबंध करते आहे. विषय स्टेनलेस स्टीलचे पोकळ खांब. त्यांच्यावर वजन चढत गेलं तर ते कधी आणि कसे वाकतात, हे कॉम्प्युटरवरच खांब बनवून शोधायचं. खरा खांब एकदा मोडला की मोडला. कॉम्प्युटरवरचा कितीही वेळा मोडा, पुन्हा सरळ उभा राहतो. नंदूला ते फार आवडतं. माझ्या मांडीवर बसून म्हणते, "अजून एकदा वाकव की."

आई मला विचारते, दिवसभर त्या पेटीपुढं बसून करतेस काय? तिला मी सांगितलं, गोधडी शिवते. खरंच तसंच आहे ते. खांबाचे लहान लहान चौकोनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला सांगायचं की तू कशाचा आहेस, किती जाड आहेस, शेजारच्याला कुठं जोडला आहेस. मग वरून वजन थोडं थोडं ठेवत जायचं. दर वेळी कॉम्प्युटर सगळ्या तुकड्यांचं गणित जुळवत बसतो. जुळलं की पुढचं वजन. ज्या वजनाला जुळेनासं होतं, तिथं खांब गेला.

सगळी मेख 'तू कशाचा आहेस' या सांगण्यात आहे. साधं लोखंड एका हद्दीपर्यंत ताठ राहतं आणि मग एकदम शरण जातं. कागदावर काढलं तर सरळ रेघ, आणि मग ठळक मोड. स्टेनलेसला असा मोडच नाही. ते फार आधीपासून आतल्या आत मऊ पडायला लागतं, रेघ हळूहळू कलत जाते, आणि नेमकं कुठं हरलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. चेहऱ्यावर मात्र तीच चकाकी. आमच्या भागात दुधाच्या टाक्या, किटल्या बनवणारे झुंबरशेठ आहेत, त्यांच्या वर्कशॉपमधून मी पाइपचे उरलेले तुकडे मागून आणले होते. कॉलेजातल्या यंत्रात ते ओढून पाहिले आणि ती कलती रेघ कॉम्प्युटरला शिकवली. उन्हाळाभर माझं तेच चाललं होतं.

काल माझे सासरे नंदूला न्यायला आले. गेणूआबा. तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत उतरायचे, आता इंदापूरकडच्या गावी घरची डाळिंबं बघतात. त्यांच्या खांद्यावरची घोंगडी अजून सुटलेली नाही. गावातल्या बायकांच्या दूध संस्थेनं नवी टाकी बसवली होती, तिची आज पूजा.

"तुमी दोगं न्हाय आला तरी चालंल," आबा चहा बशीत ओतत म्हणाले. "नंदू आली म्हंजी झालं. तिची आज्जी चार दिस वाट बघतीय."

"टाकी एकदा भरून बघितली का आबा?" मी सहज विचारलं.

"पूजंला भरायचीच हाय की. रिकाम्या भांड्याची कुणी पूजा करतंय व्हय? पार काठोकाठ भरायची. आन् पाय तर असलं चकाकत्यात! आरशावानी. झुंबरनंच बसवल्यात. तू तुकडं आणलं हुतंस न्हवं अभ्यासाला? त्योच पायप."

मी हसले होते. माझ्या अभ्यासातला पाइप माझ्याच सासरी उभा आहे याची मला मजा वाटली होती. नंदू आजोबांच्या घोंगडीत शिरून बसली होती, तिचा फक्त नाकाचा शेंडा दिसत होता.

ती टाकी मी नागपंचमीला गेले तेव्हा पाहिली होती. संस्थेच्या चेअरमन साखरबाईंच्या डोक्यातून निघालेली गोष्ट. वीज असेल तेव्हा गार केलेलं दूध वर चढवून ठेवायचं, टँकर आला की खालची तोटी उघडायची, दूध आपोआप उतरतं. मग वीज असो वा नसो. बाई शिकलेल्या नाहीत पण हे डोकं भल्याभल्यांना सुचलं नसतं. टाकी उंच, तिला चार पाय. पाय लोखंडाचे नकोत हे बायकांनीच ठरवलं. धुण्याधाण्याच्या पाण्यात लोखंड गंजतं, खंगतं. घरात भांडं घेताना आपण स्टीलचंच घेतो, मग दुधाला लोखंड का? प्रत्येकीनं घरातली जुनी स्टीलची भांडी मोडीत दिली, त्या बदल्यात पाइप आले. स्टील महाग म्हणून पाइप पातळ आले, आणि पातळ चालतील असंच सगळ्यांना वाटलं, कारण ते खंगणार नव्हते. भांड्यांवर कोरतात तशी देणाऱ्या बायकांची नावं पायांवर कोरली. माझ्या सासूबाईंचंही नाव आहे. पायांना मधे आडव्यातिडव्या पट्ट्या नाहीत. खालून बायकांची किटल्या घेऊन रांग जायची, पट्ट्या आड आल्या असत्या.

तर आज दुपारी, शांतता सोसेना म्हणून, मी गंमत म्हणून त्या टाकीचं वजन माझ्या खांबावर ठेवलं. पायांची उंची अंदाजानं घातली. नागेशनं हात वर केला तरी टाकीच्या बुडाला लागला नव्हता, ते आठवलं. पाण्यानं भरलेली टाकी, तिचं चार पायांवर वाटलेलं ओझं. आधी लोखंडाच्या सरळ रेघेवर चालवून पाहिलं. खांब उभा राहिला. थोडा कुरकुरला पण उभा राहिला. मग मी आमची कलती रेघ घातली आणि पातेलं बघायला आत गेले.

परत आले तेव्हा पडद्यावरचे आकडे थांबले होते. गणित जुळत नव्हतं. टाकी अजून भरायची होती, आणि खांब गेला होता.

मला वाटलं, कुठंतरी शून्य जास्त पडलं. पुन्हा सगळं तपासलं. जाडी तपासली. पाइप मुळात थोडा वाकडा असतो म्हणून मी त्याला अगदी बारीक बाक दिलेला असतो, तो आणखी कमी केला. पुन्हा चालवलं. कॉम्प्युटर एकेका पायरीला इतका वेळ घेत होता की मी पडद्यावर हात ठेवून उभी राहिले, जसं ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. या वेळी खांब थोडा पुढे गेला आणि तिथं थांबला. चित्र काढलं. पडद्यावर तो बारीक हिरवा खांब मधोमध पोट बाहेर काढून उभा होता.

नंदू त्या टाकीखाली असणार होती. ऊन आहे, टाकीखाली सावली आहे, पूजा तिथंच असणार. मी चित्र छापायला लावलं. प्रिंटर करकरत एकेक ओळ काढत होता आणि मी कागद ओढून काढायच्या बेतात होते.

नागेश मॉनिटर दुरुस्त करून आणायला पुण्याला गेलेला. मी घराला कुलूप लावलं आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर पळाले. संस्थेत फोन आहे. बराच वेळ वाजत राहिला. मग साखरबाईंचाच आवाज.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"साखरमावशी, मी गेणूआबांची सून. बारामतीहून. टाकी भरू नका."

"भरतीय की! मोटार चालूच हाय. कवा येतायसा?"

"मावशी, मोटार बंद करा. टाकीच्या पायांना..."

मागं स्पीकरवर गाणं जोरात लागलं होतं. "काय बी ऐकू येत न्हाय बघा! या लौकर, पुरनपोळी हाय!" आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बूथवाला म्हणाला, "मॅडम, लाईनच गेली असंल तिकडची."

इंदापूरची एसटी उभी होती, तेवढं नशीब. खिडकीशी जागा मिळाली आणि मग तिथं बसून राहण्यापलीकडे मला काही करता येईना. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. उसाच्या ट्रॅक्टरमागं रेंगाळत होती. जंक्शन नावाच्या गावाला कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी म्हशीच्या वेताबद्दल बोलत बसला. "अहो चला ना," मी ओरडले तर सगळी गाडी माझ्याकडं वळून बघायला लागली. तो म्हणाला, "जातो की बाई. माहेरला निघाला काय?"

शेजारची म्हातारी माझ्या हातातला कागद बघत होती. "कशाचं चित्र हाय गं?"

"खांबाचं."

"मग वाकडा का काढलाय?"

मी कागदाची घडी घातली. माझे पुण्याचे सर म्हणतात, कॉम्प्युटरवरचं मॉडेल चुकीचंच असतं, किती चुकीचं आहे तेवढं आपण सांगायचं. मी ते वाक्य पोरांना वर्गात ऐटीत सांगते. आता मी तेच पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होते, की चुकीचंच असतं, चुकीचंच असतं. वरच्या जोडामुळं पाय जास्त ताठ असतील. मी उंची जास्त धरली असेल. मी देवाकडं आयुष्यात पहिल्यांदा मागितलं की माझं गणित चुकू दे. सगळ्या गावात माझं हसं होऊ दे. गेणूआबांची सून शिकून शिकून येडी झाली म्हणू दे, नंदूच्या लग्नापर्यंत म्हणू दे.

आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, रेघ तू स्वतः काढली आहेस, त्याच पाइपच्या तुकड्यावरून. ती कशी चुकेल?

फाट्यावर उतरले तेव्हा स्पीकर ऐकू आला. म्हणजे अजून सगळं चालू होतं. मी साडी खोचून पळत सुटले. कॅनॉलच्या पुलावरून टाकी दिसली. उन्हात ती इतकी झळाळत होती की डोळे ठरेनात. उभी होती. चारही पायांवर.

संस्थेच्या अंगणात मांडव घातलेला, पण मांडवात पुरुषच बसले होते. बायका आणि पोरं सगळी टाकीखाली. मधे पाट, पाटावर कलश. बायका पायांना दोरा गुंडाळत होत्या, हळदीकुंकू लावत होत्या, आपापलं नाव शोधून त्यावर बोट फिरवत होत्या. कोपऱ्यात मोटार घुंघुं करत पाणी वर चढवत होती. आणि नंदू. हिरवा परकर, आजीनं घातलेली तेल लावलेली वेणी. तिच्या हातात अक्षतांची वाटी होती, तिच्याशेजारी साखरबाईंची नात प्रतिक्षा, दोघी एकमेकींच्या डोक्यावर अक्षता टाकून खिदळत होत्या.

मी मांडवाच्या कडेला थांबले. ओरडणारच होते. पण ओरडले आणि सगळ्या एकदम उठून पळाल्या, कुणी पायाला धडकलं तर? असं मला वाटलं. असं वाटलं म्हणून मी हळू आवाजात हाक मारली.

"नंदू. इकडं ये बाळा. चॉकलेट आणलंय."

ती वाटी प्रतिक्षाच्या हातात देऊन पळत आली. मी तिला उचललं. तिचं वजन, तिच्या अंगाचा तेलाचा वास, गालाला लागलेलं कुंकू. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती "आई, दुखतंय" म्हणाली. मग मी ओरडले.

"मोटार बंद करा! टाकीखालून बाहेर या सगळ्या!"

गाणं चालूच होतं. कुणीतरी ते बंद केलं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"आल्या बगा मास्तरीणबाई," साखरबाई हसत म्हणाल्या. "पोरीला कडेवर घेऊन वरात काढलीय. पानी तर प्या आधी."

"मावशी, हे पाय ही टाकी पेलणार नाहीत. भरत आली की वाकतील. मी बघितलंय."

"कुठं बघितलंस?"

"कॉम्प्युटरवर." माझं मलाच ते ऐकायला कसंसं झालं. मी कागद पुढं केला. मांडवातून झुंबरशेठ उठून आले, पांढरी टोपी, सत्काराचा नारळ हातात. त्यांनी कागद घेतला, आडवा धरला, उभा धरला.

"वैनी, स्टील हाय ते. लोखंड न्हवं," ते समजुतीनं म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. "तुमच्या घरात स्टीलचा डबा कवा वाकलेला बघितलाय का?"

"कागदावर तर आमची म्हस बी उडंल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. झुंबरशेठ मात्र मला वाईट वाटू नये म्हणून हसले नाहीत.

मी समजवायला लागले. रेघ कशी कलते, लोखंडाचं सूत्र याला का लागत नाही. मला माझेच शब्द परके वाटत होते. मोटार चालूच होती. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज मघापेक्षा बारीक झाला होता. भांडं भरत आलं की होतो तसा.

टाकीखाली पाटाशेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. ठमाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठल्या.

"कुठं चालली गं ठमे? आरती व्हायचीय," साखरबाई म्हणाल्या.

"तिला काय कळतंय त्ये मला कळत न्हाय," आत्या म्हणाल्या. "पर तिचं त्वांड बघा की. नंदू आडवी आली तवा असलं त्वांड केलं हुतं हिनं. त्यानंतर आजच." त्यांनी जवळच्या दोन पोरांचे हात धरले. "चला रं, भायेर."

"अगं भरलेल्या भांड्याची पूजा मधीच सोडायची?"

"भरलंय की! तू नवा हंडा घरात आणलास तर काठोकाठ भरतीस व्हय? मूठभर गहू टाकतीस न्हवं? झालं मग. देवाला कळतंय तेवढं. हाळू चला गं, पायाला कुणी हात लावू नका."

एकेक बाई उठायला लागली. कुणी तोंड वाकडं करून, कुणी चप्पल शोधत. प्रतिक्षा शेवटी बाहेर आली. स्वतःची आणि नंदूची, दोन्ही वाट्या सांभाळत, अक्षता सांडू नयेत म्हणून एकेक पाऊल टाकत. तिची पावलं मी मोजत होते. आबांनी मोटारीचं बटण दाबलं. घुंघुं थांबलं.

झुंबरशेठ अजून माझा कागद धरून उभे होते. "बरं, बघू तरी," म्हणत ते एका पायाजवळ गेले. आयुष्यभर पाइप सरळ करत आलेला माणूस. त्यांनी एक डोळा मिटला, गाल पाइपला लावला, आणि खालून वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दुसऱ्या पायाजवळ जायला निघाले, आणि मधेच थांबले.

त्यांचं तोंड उतरलं. ते टाकीवरची नजर न काढता, उलटे चालत बाहेर आले. नारळ तसाच हातात.

"मधी फुगलाय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "सरळ बसवला हुता मी. देवाशपथ सरळ बसवला हुता."

आता कुणी हसत नव्हतं. पाणी वरच होतं, आणि पाय तेवढ्यावर थांबतील की हळूहळू आणखी खचतील, हे मलाही सांगता येईना. मोटार बंद झाली होती पण ओझं तर होतंच. तोटी टाकीच्या बुडातून मधोमध उतरलेल्या पाइपला, अगदी खाली. ती उघडायला कुणीतरी खाली जायला हवं होतं.

"मी जातो," झुंबरशेठ म्हणाले.

"तुमी न्हाय जायचं," साखरबाई म्हणाल्या. "कुणीच न्हाय जायचं."

"मग काय रातभर बघत बसायचं?"

तेव्हा आबा भिंतीकडं गेले. तिथं त्यांची आकडी टेकवलेली असते, शेळ्यांना बाभळीच्या शेंगा पाडायची, उंच बांबूच्या टोकाला लोखंडी हूक. त्यांनी ती उचलली आणि टाकीपासून लांब जमिनीवर पालथे झोपले. पुढं सरकवत सरकवत हूक तोटीच्या दांड्यात अडकवायला लागले. एकदा निसटला. दुसऱ्यांदा पाइपच्या जोडाला घासून गेला आणि कर्रर आवाज आला. सगळ्या बायकांनी एकदम "आई गं" केलं. मी नंदूचे डोळे माझ्या खांद्यात दाबले. माझ्या कानात दुसरं काहीच नव्हतं, नुसता तो कर्रर.

"गप रावा," आबा जमिनीवरून म्हणाले. "शेळ्या बिचकत्यात."

तिसऱ्यांदा हूक बसला. त्यांनी ओढलं. दांडा फिरला आणि पाणी धाडकन खाली कोसळलं. पाट वाहून गेला, कलश लवंडला, अक्षता, फुलं, गुलाल, सगळं अंगणभर पसरत आमच्या पायांपर्यंत आलं. आबा भिजून चिंब झाले तरी जागचे हलले नाहीत.

टाकी रिकामी व्हायला खूप वेळ लागला. कुणी बसलं नाही. पोरं तेवढी पाण्यात नाचत होती, आणि त्यांना मागं ओढायला एकेक आई धावत होती.

शेवटचं पाणी ठिबकायला लागलं तेव्हा झुंबरशेठ पुन्हा गेले. गाल लावला. "बाक गेला न्हाय," ते म्हणाले. "तसाच हाय." त्यांनी त्या पायावरून हात फिरवला, कोरलेल्या नावांवरून. मग म्हणाले, "उद्या जाड पाय आणतो. आडव्या पट्ट्या मारतो, रांगंला जागा सोडून. वैनी, तुमी सांगाल तेवढी जाडी."

मला आनंद व्हायला हवा होता. माझं गणित बरोबर आलं होतं. पण मी तो बाक बघत होते, पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी बारीक, नुसत्या नजरेला दिसतही नव्हता. पाणी आणखी थोडा वेळ चढलं असतं तर? एसटी जंक्शनला आणखी थोडी थांबली असती तर? मी आज कॉम्प्युटर लावलाच नसता, सरळ झोपून गेले असते तर? आत्यांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. साखरबाई आल्या, पुरणपोळीचं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि तशाच वळून प्रतिक्षाकडं गेल्या. तिचं भिजलेलं डोकं पदरानं खसाखसा पुसायला लागल्या. ती "आज्जे, दुकतंय" म्हणत होती, तरी त्या पुसतच राहिल्या.

नंदू माझ्या मांडीवर होती. ओला परकर माझ्या साडीला चिकटला होता. मी तिच्या वेणीतून हात फिरवत होते, फिरवतच होते.

"आई, चॉकलेट?"

"चॉकलेट नाहीये गं बाळा."

"तू म्हणालीस आणलंय."

"तुला लवकर बाहेर यायला हवं होतं ना, म्हणून म्हणाले."

"का?"

"टाकी पडेल अशी मला भीती वाटली."

तिनं मान वळवून टाकीकडं बघितलं. मग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बघितलं, जिथं आजीच्या पदराखालून प्रतिक्षाचं अर्धं तोंड बाहेर आलं होतं आणि ती नंदूला जीभ काढून दाखवत होती. नंदूनंही जीभ काढली. तिच्या कपाळावर आठी पडते, काही जुळवायला लागली की, तशी पडली.

"आई," ती म्हणाली, "मग तू प्रतिक्षाला का नाही हाक मारलीस?"